पहिली दहा मिनिटं

मराठीत थकव्याला शब्द कमी नाहीत. दम लागतो, धाप लागते, पाय भरून येतात, पोटरीत वांब येतो, अंग मोडून येतं, हातापायांतलं त्राण जातं. यातला एकही शब्द मला कधी उपयोगी पडला नाही. डॉक्टर विचारायचे, "दम लागतो का?" नाही लागत. "सांधे दुखतात?" नाही. "मग नक्की होतं काय?" यावर मी सांगायचो, की जिना चढायला लागलो की पंधरा-वीस पायऱ्यांत मांड्या दगडासारख्या होतात. थांबलो की कमी होतं. तसाच रेटत राहिलो तर पाय माझे राहत नाहीत. आणि सपाटीवर पहिली दहा मिनिटं हळूहळू चाललो, तर पुढे दहा किलोमीटरसुद्धा आरामात चालतो.

हे शेवटचं वाक्य ऐकलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक हसू यायचं. गृहपाठाची वही घरी विसरली असं सांगणाऱ्या मुलाकडे बघून मास्तर हसतात ना, तसं.

माझ्या दुखण्याचं नाव मॅकआर्डल रोग. ते मला २०१४ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. आजवर इथे त्याविषयी लिहिलं नव्हतं, कारण स्वतःच्या आजारांवर लिहिणारी माणसं मला फारशी आवडत नाहीत. पण सध्या या रोगावरून आमच्या घरात एक पेच उभा राहिलाय, आणि ज्या दोघांचा तो पेच आहे त्यांनीच "लिही की" असं म्हटलंय. पेच कळायचा तर आधी रोग कळायला हवा. रसायनशास्त्राच्या नावाने ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांनी घाबरू नये, मी स्वतः कॉमर्सवाला आहे.

आमचं गाव सांगलीजवळ. त्या बाजूच्या लोकांना हरिपूरची पेवं माहीत असतील. पेव म्हणजे जमिनीत खणलेला खोल खड्डा, वर तोंड लहान आणि आत पोट मोठं. त्यात हळद भरून तोंड बंद केलं की ती वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं पाण्याखाली गेली. माझ्या आजोबांची, आबांची, थोडी हळद तिथे असायची. लहानपणी मला त्या गोष्टीचं फार नवल वाटायचं. वरून बघावं तर नुसती माती, आणि खाली पोत्यांनी हळद.

आपल्या स्नायूंमध्येही असं पेव असतं. आपण भात-भाकरी खातो, त्यातली साखर म्हणजे ग्लुकोज रक्तात येते. लागेल तेवढी वापरून उरलेली शरीर साठवून ठेवतं. हजारो ग्लुकोज एकमेकांना जोडून झाडासारखी फांद्या फुटलेली एक रचना तयार होते, तिला ग्लायकोजेन म्हणतात. धडधाकट माणसाच्या यकृतात साधारण शंभर ग्रॅम आणि सगळ्या स्नायूंत मिळून चारशेच्या आसपास ग्रॅम ग्लायकोजेन असतं. यकृताचा साठा गावच्या कोठारासारखा, तिथून साखर रक्तात जाते आणि सगळ्यांना मिळते. स्नायूचा साठा मात्र खाजगी. ज्या स्नायूत आहे त्यानेच वापरायचा, शेजाऱ्याला उसना द्यायची सोय नाही.

आता हा साठा बाहेर काढणार कोण? त्यासाठी स्नायूत एक एन्झाइम असतं, स्नायू फॉस्फोरायलेज. ते या झाडाच्या फांद्यांच्या टोकांवर बसतं आणि एकेक ग्लुकोज तोडतं, तोडताना त्याला फॉस्फेट चिकटवतं. शरीराकडे हे एन्झाइम तीन प्रकारचं आहे, यकृताचं वेगळं, मेंदूचं वेगळं, स्नायूंचं वेगळं, आणि तिघांची जनुकंही वेगवेगळी. स्नायूंच्या एन्झाइमचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं. माझ्याकडे नेमकं हेच बिघडलेलं आहे. कोठार उत्तम चालू आहे, मेंदूचं ठीक आहे. हृदयालाही त्रास नाही, कारण त्याला मेंदूचं एन्झाइमही मिळतं आणि ते एरवी मुख्यतः चरबीवर चालतं. फक्त हातापायांची, पाठीची, मानेची पेवं काठोकाठ भरलेली आहेत आणि त्यांच्या तोंडावरची शिळा हलत नाही. माझ्या स्नायूत इतरांपेक्षा जास्तच ग्लायकोजेन सापडेल. श्रीमंती आहे, पण हातात दमडी नाही!

याचा परिणाम नेमका केव्हा दिसतो ते बघण्यासारखं आहे. तुम्ही बस पकडायला धावता तेव्हा स्नायूकडे हातखर्चाला असलेली ऊर्जा काही सेकंदांत संपते. हृदयाने वेग घेऊन जास्तीचं रक्त पाठवायला आणि त्या रक्तातून साखर व चरबी पुरेशी पोचायला आठ-दहा मिनिटं लागतात. मधला वेळ भरून काढायचा तो ग्लायकोजेनने. धडधाकट माणसाला हा मधला वेळ असतो हेच ठाऊक नसतं. मी मात्र रोज त्यातून जातो. अंथरुणातून उठून बाथरूमपर्यंत चालताना तो असतोच, चहा झाल्यावर दूध आणायला निघालो की पुन्हा असतो.

त्या काळात जोर केला तर स्नायूतली ऊर्जा इतकी खाली येते की आखडलेला स्नायू सैल व्हायलाही पुरत नाही. स्नायू सैल करायलाही ऊर्जा लागते, हे मला रोगाने शिकवलं. याला पेटका म्हणतात खरं, पण हा नेहमीचा पेटका नव्हे. नेहमीच्या पेटक्यात मज्जातंतूंकडून स्नायूला विजेचे संदेश धडाधड येत असतात. इथे सुई घालून यंत्र लावलं तर त्यावर काहीच उमटत नाही, स्नायू नुसता लाकडासारखा घट्ट. त्यापुढे गेलं तर स्नायूच्या पेशी फुटतात, त्यातला मायोग्लोबिन नावाचा तांबूस पदार्थ रक्तात येतो, तिथून लघवीत, आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते. तो जास्त असला तर मूत्रपिंडं बंद पडू शकतात.

मला ते १९८९ साली झालं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये रस्सीखेच होती आणि आमच्या वर्गाला एक गडी कमी पडत होता. माझी अंगकाठी बऱ्यापैकी दणकट (हे या रोगातलं आणखी एक दुर्दैव, अशक्त दिसलो असतो तर कुणीतरी विश्वास ठेवला असता). जेमतेम मिनिटभर दोर ओढला असेल. शिट्टी वाजली, सगळ्यांनी दोर सोडला आणि माझी बोटं सुटेचनात. दोन मित्रांनी एकेक बोट उलगडून दोर काढला. त्यांना आधी वाटलं मी नाटक करतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीचा रंग बघून मी घाबरून घरी सांगितलं, आणि घरच्यांनी मला डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं तर एसजीओटी आणि एसजीपीटी भरपूर वाढलेली. निदान झालं कावीळ! ही दोन्ही एन्झाइम्स यकृतात असतात तशी स्नायूंतही असतात, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. बिलिरुबिन वाढलंच नव्हतं, डोळे पांढरेशुभ्र होते, पण कावीळ म्हटलं की कावीळ. पंचक्रोशीतलं नामांकित गावठी औषध झालं, दोन महिने बिनतेलाचं जेवण झालं, आणि सकाळ-संध्याकाळ मोठा ग्लास भरून उसाचा रस.

आता यातली गंमत ऐका. त्या दोन महिन्यांत मी जितका चांगला चाललो तितका आधी कधीच चाललो नव्हतो. रस पिऊन थोड्या वेळाने नदीकडे निघायचो आणि पाय धरायचेच नाहीत. आई म्हणायची औषध लागू पडलं. पुढे कित्येक वर्षांनी कळलं की २००३ साली डेन्मार्क आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मॅकआर्डलच्या बारा रुग्णांवर हाच प्रयोग केला होता. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी पंचाहत्तर ग्रॅम साखर घातलेलं पेय प्यायला दिलं, आणि पहिली अवघड मिनिटं जवळजवळ नाहीशी झाली. स्वतःचं पेव उघडत नाही तर बाहेरून रसद द्यायची, इतकं सरळ. पुढे २००८ मध्ये निम्मी साखर पाच मिनिटं आधी घेऊनही उपयोग होतो असं दिसलं. अर्थात रोज उठून हे करायचं म्हटलं तर वजन आणि मधुमेह दोन्ही दाराशी येतील. मी फक्त पाहुणे घेऊन एखादा गड चढायची वेळ आली तरच गुळाचा खडा तोंडात टाकतो. आबा उन्हातून आलेल्याला आधी गूळ-पाणी द्यायचे, त्याची आठवण होते.

शाळेतल्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. पीटीच्या तासाला सर्वांत शेवटी पोचणारा एक मुलगा प्रत्येक वर्गात असतो. फरक एवढाच, की मैदानाला पहिली फेरी मारताना रडकुंडीला येणारा मी, हळूहळू चालत राहिलो की चौथ्या-पाचव्या फेरीला ताजातवाना व्हायचो. सर म्हणायचे, "बघा, सोंग उतरलं." घरी तर 'आळशी' हे माझं टोपणनावच होतं. पाणी भरताना भरलेली घागर मी मध्येच दोनदा खाली ठेवायचो म्हणून. ताईने त्यावर एक गाणंही रचलं होतं, ते आता ती म्हणत नाही.

या दुसऱ्या उभारीला इंग्रजीत 'सेकंड विंड' म्हणतात. १९६१ साली लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी मॅकआर्डलच्या एका रुग्णात ती नीट नोंदवली. सात-आठ मिनिटं धीराने रेटलं की नाडी, जी साध्या चालण्यानेही भलतीच वाढलेली असते, आपोआप खाली येते. काम तेवढंच, वेग तोच, पण हृदयाचे ठोके कमी! निरोगी माणसात असं होत नाही. म्हणजे ज्या गोष्टीमुळे मला आयुष्यभर सोंगाड्या म्हटलं गेलं, तीच या रोगाची सर्वांत पक्की खूण आहे. सरांनी अगदी बरोबर पाहिलं होतं. अर्थ तेवढा वेगळा लावला.

असा रोग असलेली माणसं नकळत युक्त्या शिकतात. जिन्यावर मध्येच थांबून चपलेचा पट्टा नीट करायचा. चढावर दुकान दिसलं की काचेतल्या वस्तू बघायच्या. बरोबरच्या माणसाला लांबलचक उत्तर लागेल असा प्रश्न विचारून हळू चालायला लावायचं. पर्वतीच्या पायऱ्या चढताना मी बायकोला, लग्नानंतर पहिल्यांदाच, पेशव्यांचा इतका इतिहास सांगितला होता की ती मला इतिहासप्रेमी समजून बसली. पुढे जगभरातल्या रुग्णांचे अनुभव वाचताना बघतो तर काय, बूट बांधायला थांबणारे आणि दुकानांच्या काचा बघणारे सगळ्या देशांत आहेत. इतकी वर्षं वाटत होतं ही माझीच अक्कल.

रोगाला ज्यांचं नाव आहे ते ब्रायन मॅकआर्डल लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये होते. त्यांच्याकडे तीस वर्षांचा एक माणूस आला. हलक्याशा श्रमानेही स्नायू दुखतात आणि आखडतात, विश्रांती घेतली की बरं वाटतं, लहानपणापासून असंच आहे, ही त्याची तक्रार. तपासलं तर सगळं ठाकठीक. अशा रुग्णाला 'मनाचं आहे' म्हणून वाटेला लावणं फार सोपं असतं. मॅकआर्डलनी त्याच्या दंडाला पट्टा आवळून रक्तपुरवठा थांबवला, त्याला मूठ आवळ-सोड करायला लावली आणि मग त्या हातातलं रक्त तपासलं. प्राणवायू मिळत नसताना स्नायू ग्लायकोजेन मोडून काम चालवतो आणि त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होतं, त्यामुळे रक्तातलं त्याचं प्रमाण चढायला हवं. या माणसात ते चढलंच नाही. पुढे त्यांनी एकेक शक्यता खोडून काढली. अॅड्रेनलिन टोचलं तर रक्तातली साखर नीट वाढली, म्हणजे यकृताचं कोठार उघडत होतं. लॅक्टिक आम्ल मात्र तरीही वाढलं नाही. डेन्मार्कच्या लुंड्सगार्डने १९३० च्या सुमारास प्राण्यांच्या स्नायूंना आयोडोअॅसिटेट नावाचं विष देऊन जी अवस्था आणली होती, ती या माणसाच्या स्नायूंत जन्मतः दिसत होती. स्नायूतलं ग्लायकोजेन मोडतच नाहीये, असा निष्कर्ष त्यांनी १९५१ साली छापला.

हे सगळं एका माणसावर आणि स्नायूचा तुकडाही न कापता! मला त्यातली हुशारी कळते, पण त्याआधीची पायरी जास्त महत्त्वाची वाटते. समोरचा खरं बोलतोय असं धरून चालल्याशिवाय कुणी त्याच्या दंडाला पट्टा बांधत नाही. (ती पट्ट्याची तपासणी आता सहसा करत नाहीत. आमच्यासारख्यांच्या हाताला तिनेच इजा होऊ शकते.)

नेमकं कोणतं एन्झाइम नाही हे १९५९ साली अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या गटांनी शोधलं. ते एन्झाइम मुळात ज्यांनी उजेडात आणलं ते गर्टी आणि कार्ल कोरी हे प्रागहून अमेरिकेत आलेलं जोडपं. १९४७ चं नोबेल त्यांना ग्लायकोजेनच्या कामासाठीच मिळालं. सेंट लुईसच्या विद्यापीठात कार्ल विभागप्रमुख आणि गर्टीबाई त्याच प्रयोगशाळेत बरोबरीने काम करूनही कितीतरी वर्षं नाममात्र पगारावर मदतनीस. नोबेलच्या वर्षी कुठे त्या प्राध्यापक झाल्या. १९५७ साली त्या गेल्या. आपलं फॉस्फोरायलेज ज्यांच्यात नाही अशी माणसं जगात हिंडत आहेत हे कळायला तेव्हा दोन वर्षं बाकी होती.

तर माझं निदान. २०१४ साली ऑफिसच्या वार्षिक तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांनी सहज म्हणून सीपीके तपासायला सांगितलं. ते दोनशेच्या आत असायला हवं, माझं निघालं साडेचार हजार. त्यांनी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. त्या बाई पन्नाशीच्या, बोलायला तुटक. माझी कहाणी अर्ध्यावर थांबवून त्यांनी विचारलं, "दहा मिनिटं हळू चाललात की मग सोपं जातं का?"

मी काही बोललोच नाही. ते वाक्य आजवर मी लोकांना सांगत आलो होतो, मला कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी व्यायामाच्या सायकलवर बसवलं, बोटाला चिमटा लावला आणि पंधरा मिनिटं एकाच हलक्या गतीने पॅडल मारायला सांगितलं. सातव्या मिनिटाला नाडी १४१. बाराव्या मिनिटाला ११२. बाईंनी ते आकडे लिहिले, त्याखाली रेघ मारली आणि म्हणाल्या, "आता जनुकांची तपासणी फक्त शिक्का मारायला."

रोगावर औषध नाही. सावकाश सुरुवात करायची, जड वस्तू झटक्यात उचलायची नाही, रस्सीखेच तर नाहीच, लघवी काळी झाली तर ताबडतोब दवाखाना. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या आणि भूल देण्याची काही औषधं यांबाबत सावध राहायचं, त्याचं कार्ड माझ्या पाकिटात असतं. आणि रोज चालायचं. बसून राहणारे रुग्ण आणखी अडचणीत येतात, नियमाने चालणाऱ्यांची दुसरी उभारी चांगली जमते. आयुष्य त्याने कमी होत नाही. (ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो मेंढ्यांत आणि शारोले जातीच्या गुरांतही हा रोग सापडलाय. कळपात मागे पडणाऱ्या त्या मेंढीलाही कुणीतरी आळशी म्हणत असणार.)

जनुकांचा अहवाल आला तेव्हा बाईंनी आणखी एक प्रश्न विचारला. "आई-वडील नात्यातले का?"

हो. माझी आई ही बाबांच्या मामाची मुलगी. आमच्याकडे ही रीतच होती, अजून आहे. बहिणीच्या मुलाचा मामाच्या मुलीवर पहिला हक्क, लग्न ठरवताना बाहेर बघायच्या आधी घरात बघायचं. आईची आत्या हीच तिची सासू, आणि मी दोघींचं कधी भांडण ऐकलं नाही. पण प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. हा रोग व्हायला दोन्ही बिघडाव्या लागतात. एकच बिघडली तर माणूस नुसता वाहक, त्रास काही नाही. सख्ख्या आते-मामे भावंडांची सरासरी आठवा हिस्सा जनुकं एकाच ठिकाणाहून आलेली असतात. कुठल्यातरी पणजोबा-पणजीकडची एक खराब प्रत दोन वाटांनी फिरून माझ्यात एकत्र आली. अहवालात दोन्ही प्रतींत अक्षरशः एकच बदल होता.

आईला हे सांगायचं की नाही यावर मी आणि धाकट्या भावाने खूप खल केला. शेवटी तिनेच विचारलं. मी कागदावर चौकोन काढून समजावलं. ती बराच वेळ कागद बघत होती, मग म्हणाली, "म्हणजे घागर जड होत होती तुला." लग्नाबद्दल ती त्या दिवशी काही बोलली नाही.

आणि आता पेच. माझी मुलगी सव्वीस वर्षांची, ताईचा मुलगा एकोणतीसचा. दोघंही पुण्यात नोकरीला. या वेळी रीत वगैरे कुणी काढली नव्हती. उलट आम्ही सगळे ती विसरायच्या बेतात असताना गेल्या दिवाळीत दोघांनी स्वतःच येऊन सांगितलं की आम्हाला लग्न करायचंय. ताईला आनंदाने रडू फुटलं. बायकोने माझ्याकडे बघितलं.

माझ्या दोन्ही प्रती खराब, त्यामुळे माझी मुलगी वाहक असणार, तिथे तपासायचीही गरज नाही. ताई धडधाकट आहे, पण आमचे आई-बाबा दोघंही वाहक होते, त्यामुळे ती वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. म्हणून भाचा वाहक असण्याची तीनात एक. दोघं वाहक असतील तर प्रत्येक मुलाला रोग होण्याची शक्यता चारात एक. तीन चोक बारा, म्हणजे तपासणीआधी बारात एक. पाश्चात्य देशांत हा रोग ढोबळमानाने लाखात एकाला होतो असं धरतात. त्या हिशोबाने मुलीने नात्याबाहेर लग्न केलं असतं तर शक्यता सहाशेत एकाहून कमी. मी हिशोबनीस माणूस, हे सगळं कागदावर मांडून चौघांपुढे ठेवलं. भाचा म्हणाला, "मामा, बारा काय नि सहाशे काय, मी रक्त देतो ना, एकदाच काय ते कळेल."

रक्त दिलं. अहवाल गेल्या महिन्यात आला. वाहक. म्हणजे चारात एक.

बायकोचा सरळ विरोध आहे. ती म्हणते, तुझे हाल मी पाहिलेत, माहीत असून नातवंडाच्या वाट्याला कशाला? तिच्या म्हणण्यात खोट काढता येत नाही. ताई गप्प झाली आहे आणि फोनवर फक्त हवापाण्याचं बोलते. भावाचं म्हणणं, आता गर्भाची तपासणी होते, त्याआधीचेही उपाय आहेत, तेव्हा एवढं काय. मला तेही सहज पटत नाही, कारण त्या तपासणीत नको ठरणारं मूल अगदी माझ्यासारखं असेल. मी इथे बसून हे लिहितोय, चांगली तीस वर्षं नोकरी केली, दोनदा रायगडावर जाऊन आलो (एकदा रोपवेने). पण हेही खरं, की रस्सीखेचीच्या दुसऱ्या दिवशी माझी मूत्रपिंडं बंद पडली असती तर हे सांगायला मी नसतो. दोन्ही बाजूंनी मीच साक्षीदार, अशी माझी पंचाईत.

आईला वाटलं होतं की तिला कुणी विचारणार नाही. मुलीनेच विचारलं. आई अठ्ठ्याहत्तरची आहे, ऐकायला कमी येतं, पण हा विषय तिला बरोबर ऐकू येतो. म्हणाली, "आमच्या वेळी कुणाला माहीत होतं? माहीत असतं तर मी ह्याला घागरी उचलायला लावल्या नसत्या." आणि थोड्या वेळाने, "पण ह्यांच्याशी लग्न केलं नसतं असं नाही."

मुलगी हल्ली शनिवार-रविवार सकाळी माझ्याबरोबर फिरायला येते. पूर्वी ती पुढे निघून जायची आणि कोपऱ्यावर उभी राहून वाट बघायची. आता सुरुवातीची दहा मिनिटं माझ्याच चालीने चालते आणि प्रश्न विचारते. मूल चालायला लागलं की कळतं का? शाळेत काय सांगावं लागेल? पोहता येतं का? दुखलं की सर्वांत आधी काय करायचं? मी माहीत आहे तेवढं सांगतो. तिचं काय ठरत चाललंय याचा अंदाज तिच्या प्रश्नांवरून मला येतो, पण विचारत नाही.

जनुकीय समुपदेशनासाठी पुढच्या गुरुवारची वेळ मिळाली आहे. ती दोघं, ताई, आम्ही दोघं, असे सगळे जाणार आहोत. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट चालू असते का, ते मी फोन करून विचारून ठेवलंय.